पेशीचा वारसा आणि पेशीची शिस्त

भाजी चिरता चिरता विळीचे पाते बोटाला लागते, रक्ताची धार सुरू होते, कोणी धावत जाऊन हळद आणते, कोणी जुन्या धोतराची चिंधी फाडून बांधते, आणि आठ-दहा दिवसांनी ती चिंधी सुटते तेव्हा कापल्या जागी एक पुसट गुलाबी रेघ तेवढी शिल्लक राहिलेली असते. हा प्रसंग घरोघरी इतक्या वेळा घडतो की त्यात नवल वाटण्यासारखे काही आहे, ही गोष्ट आपल्या मनाला शिवतही नाही. वास्तविक त्या आठ-दहा दिवसांत चिंधीच्या आड जो कारभार चाललेला असतो, तो एखाद्या सुव्यवस्थित राज्यालाही धडा घालून देईल असा असतो. जखमेच्या काठच्या ज्या पेशी आदल्या दिवसापर्यंत आपापले नित्याचे काम पाहत होत्या, त्यांना वाढीस लागा म्हणून कोणी सांगितले? खाच भरून काढण्यासाठी ज्या नव्या पेशी निर्माण झाल्या, त्या जुन्यांसारख्या हुबेहूब कशा निपजल्या? आणि या दोहोंपेक्षाही मला अधिक विचारात पाडणारा तिसरा प्रश्न असा की, खाच भरून येताच त्या नेमक्या थांबल्या कशा?

वाढ ही जीवनाची खूण आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु पेशींच्या जगाशी थोडा परिचय झाला म्हणजे ध्यानात येते की नुसत्या वाढीत मोठेसे काही नाही. भोवतालच्या पेशींचा निरोप ऐकून मगच वाढावे, वाढताना पूर्वजांकडून आलेला लेख बिनचूक उतरवून घ्यावा आणि काम संपताच थांबावे, ही शिस्त ज्या पेशींच्या अंगी असते त्यांच्या समुदायाला आपण शरीर म्हणतो; आणि ती शिस्त सुटली की त्याच समुदायाला रोग म्हणण्याची पाळी येते.

पेशी हे प्रकरण माणसाला कळले तेही मोठ्या सावकाशीने. इंग्लंडातील रॉबर्ट हूक याने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिला आणि त्यात दिसलेल्या मधाच्या पोळ्यासारख्या घरांचे वर्णन १६६५ साली प्रसिद्ध केले. परंतु त्याने पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, १८३८ साली श्लायडेनने वनस्पतींविषयी आणि १८३९ साली श्वानने प्राण्यांविषयी असे प्रतिपादन केले की, सगळे सजीव पेशींचेच घडलेले आहेत. तथापि नव्या पेशी येतात कोठून, या प्रश्नाला त्या दोघांनी दिलेले उत्तर चुकीचे होते; पाकात खडीसाखरेचे खडे धरतात तशा त्या एखाद्या आकारहीन द्रवातून बनत असाव्यात, अशी त्यांची समजूत होती. बर्लिनच्या रोबेर्ट रेमाकने कोंबडीच्या गर्भातील पेशी दुभंगताना स्वतः पाहून या समजुतीला विरोध केला, आणि १८५५ साली रुडॉल्फ फिरखोने तोच सिद्धांत एका लहानशा लॅटिन सूत्रात बांधून जगापुढे ठेवला. प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच येते, हा त्या सूत्राचा आशय.

हे विधान दिसायला साधे आहे; पण त्याचा अर्थ नीट मनात उतरू दिला तर माणूस क्षणभर स्तब्ध होतो. माझ्या बोटावरची पेशी तिच्या आधीच्या पेशीपासून, ती तिच्या आधीच्या, असे मागे मागे जात राहिल्यास आईच्या उदरातील एका फलित अंड्यापाशी आपण पोहोचतो. ते अंडे तिच्या आईकडून तिला मिळालेल्या पेशीपासून. आणि ही परंपरा निदान साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या आद्य पेशींपर्यंत कोठेही न तुटता जाऊन भिडते. कितीतरी राजवंश बुडाले, वतने जप्त झाली, गावेच्या गावे उजाड झाली; परंतु आज जी पेशी जिवंत आहे तिच्या वंशावळीत एकाही पिढीचा खंड पडलेला नाही.

आता जखमेकडे वळू. रक्तवाहिनी फुटताच तेथे प्रथम धावून येतात त्या रक्तबिंबिका, ज्यांना हल्ली सर्वजण प्लेटलेट या नावाने ओळखतात. त्या एकमेकींना चिकटून भोक बुजवतात एवढेच आपण शाळेत शिकलो. परंतु त्याच वेळी त्या आपल्या पोटात साठवून ठेवलेली काही प्रथिने भोवताली सोडतात, आणि ही प्रथिने हेच वाढीचे हुकूम होत. प्रत्येक पेशीच्या पटलावर विशिष्ट घडणीची ग्राही प्रथिने रोवलेली असतात. त्यांचा काही भाग पेशीच्या बाहेर आणि काही आत असतो. बाहेरून आलेला निरोप्या आपल्या जोडीच्या ग्राहीत कुलपात किल्ली बसावी तसा बसला की ग्राहीच्या आतल्या भागाचे रूप पालटते, तो शेजारच्या प्रथिनाला जागे करतो, ते तिसऱ्याला, आणि हातोहात चाललेला हा निरोप अखेर केंद्रकात रुजू होऊन तेथील निद्रिस्त जनुकांना कामाला लावतो. निरोप्या स्वतः बहुधा दारातच राहतो. आत जातो तो निरोप. शिवाय प्रत्येक पायरीवर एकाचे अनेक होत असल्यामुळे बाहेरचे मोजके रेणू आत मोठी खळबळ माजवू शकतात. ज्या पेशीजवळ ते कुलूपच नाही, तिच्या दारावरून तोच निरोप्या निघून जातो आणि तिला त्याचा पत्ताही लागत नाही.

पेशी एकमेकींशी रसायनांच्या द्वारे बोलतात, ही गोष्ट आज आपल्याला सहज वाटते. पण ती सिद्ध करण्यासाठी ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे ओटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग करावा लागला. त्याने बेडकांची दोन हृदये क्षारजलात धडधडत ठेवली. एकाचा मज्जातंतू शाबूत होता, दुसऱ्याचा काढून टाकलेला. पहिल्या हृदयाचा मज्जातंतू उद्दीपित करताच त्या हृदयाची गती मंदावली, हे अपेक्षितच होते. मग लोवीने त्या हृदयाभोवतालचे पाणी उचलून दुसऱ्या हृदयाला दिले, आणि ज्याच्याशी कोणताही मज्जातंतू जोडलेला नव्हता ते दुसरे हृदयही मंदावले. मज्जातंतूचा निरोप त्या पाण्यात उतरला होता. या शोधाबद्दल लोवीला १९३६ साली हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्याला ठाऊक आहे की काही निरोप शेजारच्या पेशीपुरते असतात. काही इन्सुलिनसारखे रक्तातून दूरवर रवाना होतात, त्यांना संप्रेरके म्हणतात. आणि हृदयाच्या स्नायूंतील पेशींनी तर आपापसांत इतकी बारीक भोके पाडून ठेवलेली आहेत की एकीतील विद्युत्प्रवाह सरळ दुसरीत उतरतो, म्हणूनच त्या लक्षावधी पेशी एकाच ठोक्यात आकुंचन पावतात.

निरोप मिळाला, आता विभागायचे. हे विभाजन मी प्रथम पाहिले ते महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, आणि तेही एका कांद्याच्या कृपेने. पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर कांदा बसवून ठेवला की दोन-तीन दिवसांत त्याला पांढरी शुभ्र मुळे फुटतात. त्या मुळांची टोके सकाळी कापून घ्यायची, अल्कोहोल आणि अॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवून पेशी आहेत त्या स्थितीत थिजवायच्या, सौम्य आम्लात किंचित ऊन करून टोके मऊ करायची, कार्मिनचा लाल रंग चढवायचा, आणि मग काचपट्टीवर टोक ठेवून वर पातळ काच व टिपकागद घालून अंगठ्याने अलगद दाबायचे. अंगठा जरा हलला तरी सगळे विस्कटते. पहिले तीन प्रयत्न माझे वाया गेले. चौथ्या वेळी भिंग फिरवता फिरवता विटांच्या भिंतीसारख्या पेशींच्या ओळी स्वच्छ दिसू लागल्या. बहुतेकींत केंद्रकाचा गुळगुळीत लाल गोळा होता. परंतु एकीत त्या गोळ्याचा सुताचा गुंता झालेला, दुसरीत आखूड जाड दांड्या बरोबर मध्यावर ओळीने उभ्या, तिसरीत त्याच दांड्या दोन तुकड्यांत वाटून दोन दिशांना ओढल्या जात असलेल्या, आणि चौथीत दोन लहान गोळ्यांच्या मध्ये नवी भिंत उभी राहू लागलेली. कांद्याच्या पेशीत या दांड्या सोळा असतात; विभागणीनंतर या अंगाला सोळा, त्या अंगाला सोळा.

हेच दृश्य जर्मनीतील वाल्टर फ्लेमिंगने सॅलॅमँडर या प्राण्याच्या पिल्लांच्या पेशींत बारकाईने पाहिले होते आणि हाताने काढलेल्या चित्रांसह १८८२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले होते. त्याने या विभाजनाला सुताच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले, आणि मराठीतही त्याला सूत्री विभाजन असेच म्हणतात. त्या दांड्यांना मात्र युरोपात रंग धरणारी वस्तू एवढ्याच अर्थाचे नाव पडले, कारण त्या वेळी त्यांचे काम कोणालाच ठाऊक नव्हते; आपल्याकडे नाव पडले तोवर काम कळलेले होते, म्हणून आपण त्यांना गुणसूत्रे म्हणतो. माणसाच्या पेशीत ही गुणसूत्रे ४८ आहेत असे अनेक वर्षे ग्रंथांतरी छापले जात होते. स्वीडनमधील लुंड येथे काम करणाऱ्या, जावात जन्मलेल्या ज्यो हिन त्ज्यो याने आणि आल्बर्ट लेव्हान याने १९५६ साली ती ४६ असल्याचे प्रसिद्ध केले.

या सूत्रांत असते काय? तर पेशीचे सगळे दफ्तर. डीएनए या दीर्घ रेणूवर अवघ्या चार रासायनिक अक्षरांत ते लिहिलेले असून, माणसाच्या एका पेशीत आईकडून आलेली सुमारे तीनशे कोटी आणि वडिलांकडून आलेली तितकीच अक्षरे असतात. हा धागा सलग ताणला तर सुमारे दोन मीटर भरेल. आणि तो राहतो ज्या केंद्रकात, त्याचा व्यास एका मिलिमीटरच्या शतांशाहूनही कमी. रोझलिंड फ्रँकलिन आणि मॉरिस विल्किन्स यांच्या प्रयोगशाळेत मिळालेल्या क्ष-किरण चित्रांच्या आधारे वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली या रेणूची घडण उलगडली, तेव्हा नक्कल कशी होत असेल याचे उत्तर त्या घडणीतच दडलेले आढळले. दोन पट्ट्या परस्परांना वेढून असतात. एकीवर अ असेल तर समोर ट, आणि ग असेल तर समोर क, हा शिरस्ता अभंग. पट्ट्या उसवल्या की प्रत्येक जुनी पट्टी समोरची नवी पट्टी लिहवून घेते, आणि अशा रीतीने प्रत्येक कन्यापेशीला अर्धा जुना व अर्धा नवा असा दस्तऐवज मिळतो. मानवी पेशीत हे लेखन सेकंदाला सुमारे पन्नास अक्षरे या गतीने चालते. सर्वांत लांब गुणसूत्र एकाच टोकापासून उतरवायला घेतले असते तर त्याला दीड-दोन महिने लागले असते; म्हणून पेशी एकाच वेळी हजारो ठिकाणांहून प्रारंभ करते आणि सगळे दफ्तर सात-आठ तासांत पुरे करते. लिहिणारे विकर लिहितानाच मागे वळून आपले अक्षर तपासते, चुकले तर खोडून पुन्हा लिहिते. त्यातूनही निसटलेली चूक शोधणारी निराळी प्रथिने मागाहून फिरतात. आणि इतक्या खबरदारीनंतर शंभर कोटी अक्षरांमागे एखादी चूक उरते.

येथवर ऐकणे आणि उतरवणे झाले. राहिले थांबणे, आणि पेशीचे सारे शील त्यातच आहे. १९७० च्या दशकात लेलंड हार्टवेल याने अमेरिकेत पाव फुगवणाऱ्या किण्वावर आणि पॉल नर्स याने ब्रिटनमध्ये दुसऱ्या एका किण्वावर काम करून विभाजनाचा ताबा ठेवणारी जनुके शोधली. १९८२ साली टिम हंट याला समुद्री अर्चिनाच्या अंड्यांत असे प्रथिन आढळले की जे प्रत्येक विभाजनापूर्वी साठत जाते आणि विभाजन होताच नाहीसे होते. या तिघांच्या कामातून असे निष्पन्न झाले की पेशीच्या मार्गात ठिकठिकाणी चौक्या आहेत. नक्कल सुरू करण्यापूर्वी एक चौकी: पुरेसे पोषण आहे काय, वाढीचा निरोप खरोखरच आला आहे काय, लेख फाटलेला तर नाही ना? नक्कल झाल्यावर दुसरी: एकूण एक अक्षर उतरले काय? गुणसूत्रे मध्यावर उभी राहिली की तिसरी: प्रत्येक गुणसूत्राला दोन्ही बाजूंचे धागे बांधले गेले काय? सेहेचाळीसांपैकी एकाचा धागा बांधायचा राहिला, तरी बाकी सारी गुणसूत्रे खोळंबून राहतात. जोड्या बांधून ठेवणारी प्रथिनांची कडी शेवटचा धागा बसल्याखेरीज तुटत नाही. नर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली तर असे दाखवले की, किण्वातील नियंत्रक जनुक बिघडले असता त्या जागी माणसाचे तेच जनुक घातले तरी किण्वाची पेशी व्यवस्थित विभागते. दोन कुळे विलग होऊन शंभर कोटींहून अधिक वर्षे लोटली, तरी चौकीदार तोच राहिला आहे. २००१ सालचे नोबेल पारितोषिक या तिघांना देण्यात आले.

चौकीवर दोष आढळला तर पेशी आधी दुरुस्ती करू पाहते, आणि दुरुस्ती अशक्य असेल तर ती स्वतःला मोडून टाकते. हे मरण जखमेतल्या मरणासारखे अस्ताव्यस्त नसते. पेशी आकसते, तिचे लहान लहान तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. आईच्या पोटात आपला हात प्रथम वल्ह्यासारखा चपटा असतो. बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी अशा रीतीने नाहीशा होतात म्हणून आपल्याला पाच सुटी बोटे मिळतात.

जखमेच्या काठच्या पेशीही याच शिस्तीने थांबतात. दोन्ही काठांवरून सरकत आलेल्या पेशी एकमेकींना भिडल्या की त्या स्पर्शातूनच थांबण्याचा निरोप आत जातो. ज्या पेशीत वाढीचा निरोप घेणारा ग्राही बिघडून निरोपाविना सतत ओरडत राहतो, चौकीदारांची जनुके खराब झालेली असतात आणि मरणाची आज्ञाही ऐकू येत नाही, तिच्या अनिर्बंध वंशविस्ताराला कर्करोग म्हणतात. बाल्टिमोर येथील जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या, तिची संमती न घेता काढलेल्या कर्कपेशी काचपात्रात वाढू लागल्या, आणि ती बाई त्याच वर्षी निवर्तली तरी त्या पेशी आजतागायत थांबलेल्या नाहीत. याच गाय यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकून आल्या त्या पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे, आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी या देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. मराठी घरांतून त्यांचे नाव आहे त्याहून कितीतरी अधिक घेतले जावयास हवे.

बोटावरची पेशी आपला लेख जसाच्या तसा पुढे देते. आईबाप मात्र मुलाला जसाच्या तसा लेख देत नाहीत, अर्धाच देतात. बीजांड आणि शुक्रपेशी तयार होताना जे विभाजन घडते त्यात तेवीस जोड्यांतील प्रत्येक जोडीपैकी एकेकच गुणसूत्र पुढे जाते, आणि कोणते जावे हे प्रत्येक जोडीत स्वतंत्रपणे ठरते. म्हणजे दोन हा आकडा तेवीस वेळा गुणायचा. गुणाकार येतो ८३,८८,६०८. चौऱ्यांशी लक्ष योनींची कल्पना ज्या भाषेच्या हाडीमाशी खिळलेली आहे, तिच्या वाचकाला हा आकडा पाहून चमकल्यावाचून राहवणार नाही. हा केवळ योगायोग आहे, पण तो आकडा लक्षात ठेवायला फार सोयीचा आहे. दोन्ही पालकांचे मिळून सुमारे सत्तर लक्ष कोटी मेळ होतात. शिवाय वाटणीपूर्वी जोडीतील गुणसूत्रे आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, तेव्हा सख्ख्या भावंडांचेही स्वभाव आणि चेहरे निराळे का, हे निराळे सांगायला नको.

परंतु याच वाटणीतून एखादी जुनी चूकही पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. तिच्या जनुकात सहाव्या जागेसाठी असलेल्या अक्षरांत अ च्या ठिकाणी ट हे एकच अक्षर पडले की ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते, प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात, आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. असह्य वेदना, पंडुरोग, वारंवार होणारे आजार हे त्याचे परिणाम. केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्राम याने १९५६-५७ च्या सुमारास हा एका आम्लाचा फरक शोधून काढला. आपल्याकडे नंदुरबारच्या सातपुड्यापासून विदर्भात गडचिरोलीपर्यंत हा सिकलसेलचा वारसा अनेक कुटुंबांत आहे. तो असण्यात कोणाचा दोष नाही आणि लाज बाळगण्यासारखेही काही नाही. उलट ज्याच्याकडे या जनुकाची एकच प्रत असते त्याला तीव्र हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत ते टिकून राहिले.

अशा वाहक माणसाला सहसा कोणताही त्रास जाणवत नाही, त्यामुळे चाचणीवाचून ही गोष्ट कळत नाही. वधू आणि वर दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याचा संभव चारांत एक, वाहक असण्याचा चारांत दोन आणि पूर्णपणे मुक्त असण्याचा चारांत एक असतो. आणि पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुखरूप होतील, हा समज अगदी चुकीचा आहे, कारण वाटणी प्रत्येक वेळी नव्याने होते. पेशीने वारसा उतरवताना घेतलेली खबरदारी आपण पाहिली. तो वारसा पुढे देताना तेवढी नव्हे तरी तिच्यातली थोडी खबरदारी आपणही घ्यावी. सातपुड्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या या भागांतील प्रत्येक तरुण-तरुणीने लग्नाआधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी, आणि पहिल्या चाचणीत काही आढळले तर वाहक की रुग्ण हे ठरवणारी पुढची चाचणीही करावी. पहिल्या चाचणीला बोटाच्या टोकावरून काढलेला रक्ताचा एक थेंब पुरतो.